सांबा आणि एनएफएस: सर्व्हर नव्याने बसवल्यावर विंडोज ११ ला फोल्डर उघडेना, स्कॅनर बंद, फायलींचे मालक भलतेच

दफ्तरदार

ऑफिसातला उबुंटू सर्व्हर १८.०४ काढून २४.०४ कोरा बसवला आहे. डेटाची डिस्क वेगळी आहे (ईएक्सटी४, /एसआरव्ही/दफ्तर वर माउंट होते), तिला हात लावलेला नाही. सांबाची जुनी सेटिंग-फाइल एसएमबी.कॉन्फ जशीच्या तशी कॉपी केली, यूझर नव्याने तयार केले. १२ विंडोज मशिन्स सांबावर (लिनक्सवरचं फोल्डर विंडोजला वाटून देणारा प्रोग्राम) आणि २ लिनक्स मिंट एनएफएसवर (लिनक्स मशिन्समध्ये फोल्डर वाटायची पद्धत) आहेत.

विंडोज १० वरून फोल्डर लगेच उघडतं. विंडोज ११ प्रो, २४एच२ असलेली नवी मशिन्स मात्र ‘सुरक्षा धोरणामुळे अतिथी प्रवेश बंद आहे’ अशा अर्थाचा मेसेज देतात आणि पासवर्ड विचारतच नाहीत.

एकाने सेव्ह केलेली एक्सेल फाइल दुसऱ्याकडे फक्त वाचायला उघडते. त्या फाइलवर सीएचमॉड ६६४ (मालक आणि ग्रुप दोघांना लिहायचा हक्क) मारलं की चालते, पण कोणी पुन्हा सेव्ह केली की परत तेच. फोल्डर तर आधीपासून ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) आहे.

जुन्या कॉपियरवरून स्कॅन थेट फोल्डरमध्ये पडायचे, ते बंद झालंय.

मिंटवर जुन्या फायलींचे मालक बरोबर दिसतात, सर्व्हर बदलल्यानंतरच्या फायलींचे चुकीचे.

शेअर असा आहे:

[दफ्तर]
पाथ = /एसआरव्ही/दफ्तर
रीड ओन्ली = नो
गेस्ट ओके = यस

ग्लोबलमध्ये ‘मॅप टू गेस्ट = बॅड यूझर’ आहे, ते मूळ फाइलमधलंच. आख्ख्या डिस्कवर ‘सीएचमॉड -आर ७७७’ मारून मोकळं व्हा असं दोघांनी सुचवलंय. मारू का?

---

कर्नलकाका

७७७ मारू नका. तुमचं फोल्डर ७७७ असूनही भांडण चालूच आहे, यातच उत्तर आलं. फाइल जन्माला येताना तिला कोणत्या परवानग्या मिळतात, तिथे चूक आहे. आज झाडू मारलात तरी उद्या सकाळची पहिली फाइल पुन्हा तशीच पडणार.

आधी विंडोज १० चं बघा. सर्व्हरवर ‘एसएमबीस्टेटस’ चालवा आणि यूझरनेमचा रकाना पाहा. माझा अंदाज, निम्म्याहून अधिक ओळींवर ‘नोबडी’ (पाहुण्याचं नाव) दिसेल. कारण असं: विंडोज आधी स्वतःच्या लॉगिनचं नाव सर्व्हरकडे पाठवून पाहतं. ते नाव सांबाच्या यादीत नसेल तर ‘बॅड यूझर’ या सेटिंगमुळे सांबा नकार देत नाही, गुपचूप पाहुणा म्हणून आत घेतो. विंडोज १० प्रो ते चालवून घेतं. २४एच२ प्रोला पाहुणेपण चालत नाही, शिवाय ते प्रत्येक पाकिटावर साइनिंग (डेटा वाटेत बदलला नाही याची सही) मागतं आणि पाहुण्याच्या सेशनला साइनिंग करताच येत नाही. म्हणून पासवर्डची चौकट न येता थेट नकार. विंडोज ११ मध्ये रजिस्ट्री बदलून अतिथी प्रवेश चालू करायचे उपाय नेटवर भरपूर मिळतील, त्या वाटेला जाऊ नका. सर्व्हर दुरुस्त करा:

मॅप टू गेस्ट = नेव्हर

आणि शेअरमधली ‘गेस्ट ओके’ची ओळ उडवा. मग अनोळखी नावाला नकार मिळतो आणि विंडोज नाव-पासवर्ड विचारतं.

प्रत्येकासाठी यूझर लागेल. सर्व्हरवर लॉगिन द्यायची गरज नाही:

सुडो ग्रुपअॅड दफ्तर
सुडो यूझरअॅड -एम -एस /यूएसआर/एसबिन/नोलॉगिन -जी दफ्तर लेखा१
सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए लेखा१

(यूझरअॅडमधले एम आणि जी दोन्ही मोठे.) क्रम पाळा. लिनक्सचा यूझर नसताना एसएमबीपासडब्ल्यूडी चालवलं तर नोंद होत नाही. यादी ‘पीडीबीएडिट’ला मोठा एल देऊन दिसते. आधीच असलेल्या यूझरला ग्रुप जोडताना ‘यूझरमॉड’ला लहान ए आणि मोठा जी दोन्ही द्या. लहान ए राहिला तर त्याचे बाकीचे सगळे ग्रुप जातात, आणि तो सुडोवाला यूझर असेल तर पंचाईत.

आता एक्सेल. सांबात ‘क्रिएट मास्क’ची मूळ किंमत ०७४४ आहे, म्हणजे ग्रुपचा लिहायचा हक्क प्रत्येक नव्या फाइलवरून कापला जातो. आणि एक्सेल जुन्या फाइलवर लिहीत नाही. तात्पुरत्या नावाची नवी फाइल करतं, जुनी काढतं आणि नवीला जुनं नाव देतं. म्हणून तुमचं ६६४ पुढच्या सेव्हपर्यंतच टिकतं. शेअर असा करा:

[दफ्तर]
पाथ = /एसआरव्ही/दफ्तर
व्हॅलिड यूझर्स = @दफ्तर
रीड ओन्ली = नो
क्रिएट मास्क = ०६६०
फोर्स क्रिएट मोड = ०६६०
डिरेक्टरी मास्क = २७७०
फोर्स डिरेक्टरी मोड = २७७०

२७७० मधला २ म्हणजे सेटजीआयडी. त्यामुळे आत तयार होणाऱ्या फायलींचा ग्रुप ‘दफ्तर’च राहतो, बनवणाऱ्याचा खासगी ग्रुप लागत नाही. या ओळींच्या शेवटी # टाकून टिपण लिहू नका. या फाइलमध्ये टिपण ओळीच्या सुरुवातीलाच चालतं, मध्ये लिहिलेलं किमतीचा भाग धरलं जातं.

जुन्या फायलींसाठी, लोक घरी गेल्यावर एसएमबीडी (सांबाची सेवा) थांबवून, आधी आहे त्या परवानग्यांची प्रत घ्या:

सुडो गेटएफएसीएल -आर /एसआरव्ही/दफ्तर > परवानग्या.टीएक्सटी

(आर मोठा. परत आणायची वेळ आली तर ‘सेटएफएसीएल --रिस्टोअर’ मूळ / मध्ये उभं राहून चालवा, कारण प्रतीतल्या वाटांमधली पहिली तिरपी रेघ गेटएफएसीएल काढून टाकतं.) मग ‘सीएचजीआरपी’ मोठ्या आरने ग्रुप दफ्तर, आणि ‘फाइंड’ने फोल्डरांना टाइप डी लावून २७७०, फायलींना टाइप एफ लावून ६६०. दोन्ही एकाच ‘सीएचमॉड -आर २७७०’ मध्ये उरकू नका, नाहीतर प्रत्येक पीडीएफ एक्झिक्युटेबल होईल.

शेवटी ‘टेस्टपार्म -एस’. चुकीच्या स्पेलिंगची ओळ ते दाखवतं. बाकी काही न सुचल्यास ‘नेमआय -एल /एसआरव्ही/दफ्तर’ करा, वाटेतल्या प्रत्येक पायरीच्या परवानग्या एकाखाली एक येतात. शेअर कोणाच्या होम फोल्डरखाली ठेवणाऱ्यांनी तर हे आधी बघावं, कारण उबुंटू २१.०४ पासून नव्या यूझरचं होम ७५० असतं आणि दुसऱ्या कोणाला त्यातून पलीकडे जाताच येत नाही.

---

रात्रपाळी

स्कॅनरचं सोपं आहे. ग्लोबलमध्ये

सर्व्हर मिन प्रोटोकॉल = एनटी१

टाका आणि रीस्टार्ट करा. सांबाने ४.११ पासून जुना एसएमबी१ (फोल्डर वाटायच्या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती, वरचा एनटी१ तोच) बंद ठेवलाय. तुमच्या १८.०४ वर सांबा ४.७ होता, म्हणून चालत होतं. २४.०४ वर ४.१९ आहे.

---

तिरपीरेघ

निदान बरोबर, औषध नको. ही सेटिंग ग्लोबल आहे, एका शेअरपुरती लावता येत नाही. एका कॉपियरसाठी बाराही मशिन्सच्या सर्व्हरवर एसएमबी१ उघडा राहील. २०१७ चं वॉनाक्राय विंडोजच्या एसएमबी१ मधल्या भोकातूनच पसरलं होतं. सांबात तेच भोक नाही हे खरं, पण कच्च्या सहीचा, एन्क्रिप्शन नसलेला प्रोटोकॉल पगारपत्रकांच्या सर्व्हरवर कशाला? शिवाय तेवढ्यावर भागेलच असंही नाही. बरेच जुने कॉपियर एनटीएलएमच्या (विंडोजची पासवर्ड तपासायची पद्धत) पहिल्या आवृत्तीने पासवर्ड पाठवतात आणि सांबा फक्त दुसरी घेतो. मग ‘एनटीएलएम ऑथ’ही सैल करावं लागणार.

@दफ्तरदार, आधी कॉपियरच्या वेब पानावर जाऊन फर्मवेअर बघा. काही मॉडेलना अपडेटमधून एसएमबी२ मिळालेला आहे. नसेल तर एफटीपी. जवळजवळ प्रत्येक जुन्या कॉपियरमध्ये ‘स्कॅन टू एफटीपी’ असतं. एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, म्हणून त्यासाठी वेगळा यूझर आणि वेगळं फोल्डर ठेवा, दफ्तरात हात घालू देऊ नका. एफटीपी सर्व्हरच्या व्हीएसएफटीपीडी.कॉन्फमध्ये:

लोकल_एनेबल=यस
राइट_एनेबल=यस
लोकल_यूमास्क=००७
सीएचरूट_लोकल_यूझर=यस
पीएएसव्ही_मिन_पोर्ट=४००००
पीएएसव्ही_मॅक्स_पोर्ट=४००२०

इथे ठेच लागायच्या तीन जागा. यूमास्क (नव्या फाइलवरून कापायचे हक्क) न लिहिल्यास मूळ ०७७ लागतो आणि स्कॅन पडतो, पण कोणालाच उघडत नाही. सीएचरूट केलेल्या (आपल्याच घरात कोंडलेल्या) यूझरचं घर त्याला स्वतःला लिहिण्याजोगं असेल तर ‘५०० ऊप्स’ म्हणून लॉगिन तुटतं. घर रूटच्या मालकीचं ७५५ ठेवा आणि आत ‘स्कॅन’ नावाचं फोल्डर त्या यूझरला २७७०, ग्रुप दफ्तर असं द्या. तिसरी, यूझरचं शेल नोलॉगिन असेल तर पासवर्ड बरोबर असूनही ‘५३० लॉगिन इनकरेक्ट’ येतं, कारण पीएएमची (लिनक्सची लॉगिन तपासणारी व्यवस्था) शेल्सवाली तपासणी ते शेल /ईटीसी/शेल्स मध्ये शोधते. त्या यादीत /यूएसआर/एसबिन/नोलॉगिन जोडलं की भागतं. पासवर्ड बदलत बसणारे बहुतेक लोक इथेच अडकलेले असतात.

फायरवॉलमध्ये २१ आणि ४०००० ते ४००२० फक्त कॉपियरच्या आयपीला उघडा. मग ते ‘स्कॅन’ फोल्डर सांबावर वेगळा शेअर म्हणून दाखवा. वापरणाऱ्याला फरक कळणार नाही.

---

रात्रपाळी

मान्य. एफटीपीही नसलेला कॉपियर असेल तर एसएमबी१ वाला दुसरा सांबा कंटेनरमध्ये, वेगळ्या आयपीवर, ‘होस्ट्स अलाऊ’मध्ये फक्त कॉपियर, आणि आत स्कॅन सोडून काही नाही. मुख्य सर्व्हरला धक्का नाही.

---

एक्सपोर्टवाली

थांबा, कर्नलकाकांचं सीएचजीआरपी आणि सीएचमॉड चालवायच्या आधी एनएफएसचं उरका. का ते सांगते.

एनएफएस साध्या पद्धतीने, म्हणजे सेक=सिस वर, यूझरचं नाव मानत नाही, नंबर मानतो. डिस्कवर नंबर लिहिलेला असतो आणि मिंट आपल्या /ईटीसी/पासडब्ल्यूडी मध्ये बघून नाव दाखवतं. जुन्या फायली बरोबर आणि नव्या चूक, याचा सरळ अर्थ असा की डिस्क आणि मिंट जुन्या नंबरांवर आहेत, सर्व्हर बदलला. नवे यूझर वेगळ्या क्रमाने तयार केलेत, म्हणून १००१ चा माणूस १००३ झाला. तेव्हा सर्व्हरचे नंबर जुन्यासारखे करायचे आणि मधल्या काळातल्या फायली तेवढ्या हलवायच्या. जुन्या डिस्कला हात नाही.

मधल्या काळातल्या फायली ओळखायच्या सीटाइमवरून, म्हणजे फाइलचा मजकूर किंवा नोंद (मालक, परवानग्या) शेवटची बदलल्याच्या वेळेवरून (एमटाइम, म्हणजे नुसता मजकूर बदलल्याची वेळ, नको; विंडोजवरून कॉपी केलेली फाइल जुनी तारीख घेऊन येते). आणि सीएचमॉड केलं की सगळ्याच फायलींचा सीटाइम आजचा होतो. मग नवी-जुनी वेगळी करायची खूणच उरत नाही. म्हणून घाई नको.

एसएमबीडी आणि एनएफएस थांबवा. यूझरचं कुठलंही काम चालू असेल तर यूझरमॉड नंबर बदलू देत नाही. नंबर एकमेकांत अदलाबदल झालेले असणार, त्यामुळे थेट बदल करता येत नाही, मधला थांबा घ्यावा लागतो. १००१ साठी ५००१, १००२ साठी ५००२ असं:

सुडो फाइंड /एसआरव्ही/दफ्तर -न्यूअरसीटी 'सर्व्हर बसवल्याची तारीख' -यूआयडी १००१ -एक्झेक सीएचओन -एच ५००१ {} +

सगळ्या नंबरांचं हे एकदा पूर्ण होऊ द्या. त्यानंतरच ‘यूझरमॉड -यू’ने माणसांनाही आधी तात्पुरता, मग जुना नंबर द्या. शेवटी ५००१ च्या फायली त्या माणसाच्या जुन्या नंबरावर आणा. या फेरीत तारखेची अट नको, फक्त ‘-यूआयडी ५००१’. पाहुणा म्हणून पडलेल्या फायली ६५५३४ वर असतील. त्या तशाच राहू द्या, ग्रुप दफ्तर झाल्यावर त्या सगळ्यांना लिहिता येतील.

यूझरमॉड फक्त होम फोल्डरमधल्या फायलींचे मालक आपोआप बदलतं, /एसआरव्ही मधले नाही. आणि दफ्तर ग्रुपचा नंबर दोन्ही मिंटवर सर्व्हरइतकाच ठेवा, हे हमखास राहतं.

आता /ईटीसी/एक्सपोर्ट्स (एनएफएसवर कोणाला काय वाटायचं ती यादी). ओळ अशी हवी:

/एसआरव्ही/दफ्तर १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक,माउंटपॉइंट)

पत्ता आणि कंस यांच्यात मोकळी जागा सोडलीत तर अर्थ उलटा होतो. तुमच्या नेटवर्कला मूळ सेटिंग, म्हणजे फक्त वाचन, आणि कंसातलं आरडब्ल्यू सगळ्या जगाला. चूक म्हणून दाखवत नाही, मुकाट्याने चालतं. ‘एक्सपोर्टएफएस -व्ही’ करून पाहा, यादीत ‘वर्ल्ड’ दिसलं तर समजा जागा सुटलीये.

मिंटवरच्या एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं ती यादी):

सर्व्हर:/एसआरव्ही/दफ्तर /एमएनटी/दफ्तर एनएफएस४ व्हर्स=४.२,हार्ड,नोफेल,_नेटडेव्ह,एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट ० ०

सर्व्हर बंद असला की ‘डीएफ’ (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) लटकतं, म्हणून पुष्कळजण हार्डचं सॉफ्ट करतात. लिहिण्याच्या फोल्डरवर ते करू नका. मध्येच वेळ संपली की अर्धवट लिहिलेली फाइल उरते आणि प्रोग्रामने एरर तपासली नाही तर कळतही नाही. ऑटोमाउंटमुळे निदान बूट तरी अडत नाही.

एनएफएसची आवृत्ती ४.२ मुद्दाम लिहिलंय. मिंटवर कोणाचा यूमास्क ०२२ असेल तर नवी फाइल ६४४ पडते आणि सेटजीआयडी असूनही ग्रुपला लिहिता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे सर्व्हरवर प्रत्येक फोल्डरला डीफॉल्ट एसीएल (आत तयार होणाऱ्या फायलींना आपोआप लागणारी हक्कांची यादी):

सुडो फाइंड /एसआरव्ही/दफ्तर -टाइप डी -एक्झेक सेटएफएसीएल -एम डी:जी:दफ्तर:आरडब्ल्यूएक्स {} +

४.२ मध्ये यूमास्कपेक्षा हा एसीएल वरचढ ठरतो, ४.० आणि ४.१ मध्ये क्लायंट यूमास्क आधीच कापून पाठवतो.

---

दफ्तरदार

एसएमबीस्टेटसमध्ये खरंच ‘नोबडी’ची रांग होती. नंबर, परवानग्या, यूझर, सगळं सांगितलेल्या क्रमाने झालं. दोन मशिन्सवर मात्र १२१९ नंबरची एरर येते. स्कॅन एफटीपीने पडतायत (५३० वरच अडलं होतं, शेल्सची यादी).

उरलेलं: प्रत्येक बदलानंतर ‘सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएमबीडी’ केलं की उघड्या फायलींवरून आरडाओरडा होतो. आणि एकदा डेटाची डिस्क माउंट झाली नव्हती तेव्हा लोकांनी रिकाम्या फोल्डरमध्ये कामं सेव्ह केली, ती सगळी रूटच्या डिस्कवर गेली. हे कसं टाळायचं?

---

तिरपीरेघ

१२१९ म्हणजे विंडोज एका सर्व्हरशी एकाच वेळी दोन नावांनी बोलायला तयार नाही. जुनं पाहुण्याचं सेशन अजून धरून बसलंय. सगळं बंद करून ‘नेट यूझ * /डिलीट’, मग क्रेडेन्शियल मॅनेजरमधली सर्व्हरची जुनी नोंद काढा, लॉग आउट, लॉग इन. नावाने जोडलेला आणि आयपीने जोडलेला सर्व्हर विंडोजला दोन वेगळे वाटतात. तपासणीपुरता हा उपयोग करून घ्या, पण सगळ्यांना एकच पद्धत लावा, नाहीतर पुढचा माणूस गोंधळेल.

रीस्टार्टची गरज फार थोड्या वेळा पडते. सेटिंग बदलल्यावर टेस्टपार्म, आणि मग

सुडो एसएमबीकंट्रोल ऑल रीलोड-कॉन्फिग

उघड्या फायली तशाच राहतात. मात्र आधीच जोडलेल्या शेअरला नवी सेटिंग लागत नाही, तो माणूस पुन्हा जोडला गेला पाहिजे. ‘बदल केला पण काही फरक नाही’ या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. एकच शेअर तोडायचा तर ‘एसएमबीकंट्रोल एसएमबीडी क्लोज-शेअर दफ्तर’. त्याआधी एसएमबीस्टेटसला मोठा एल देऊन कोणाची कोणती फाइल उघडी आहे ते बघा आणि त्यांना हाक मारा. पोर्ट किंवा इंटरफेस बदललं तरच रीस्टार्ट, तोही जेवणाच्या सुट्टीत.

एनएफएसलाही तेच. एक्सपोर्ट्स बदलल्यावर ‘एक्सपोर्टएफएस -आरए’ पुरतं. एनएफएस सर्व्हर रीस्टार्ट केला की आवृत्ती ४ मध्ये ९० सेकंदांचा ग्रेस काळ सुरू होतो. त्यात जुने क्लायंट आपापली कुलुपं परत मागतात आणि नवी फाइल उघडायला गेलेला माणूस ताटकळतो. सर्व्हर अडकला असं वाटून लोक तेवढ्यात पुन्हा रीस्टार्ट करतात आणि ९० पुन्हा पहिल्यापासून.

रेड हॅटवाल्यांसाठी जाता जाता: तिकडे सेवांची नावं एसएमबी आणि एनएमबी, शेवटी डी नाही. आणि फायरवॉल, परवानग्या सगळं ठीक असूनही नकार येत असेल तर एसईलिनक्सचं (लिनक्सची जादा सुरक्षा-व्यवस्था) लेबल बघा, फोल्डरला सांबा_शेअर_टी हवं. ‘सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ने नोंद करून ‘रीस्टोअरकॉन’ चालवा. नुसत्या ‘सीएचकॉन’ने लावलेलं लेबल पुढच्या रीलेबलला पुसलं जातं.

डिस्कचं. सांबाला डिस्कशी बांधा. ‘सुडो सिस्टिमसीटीएल एडिट एसएमबीडी’ करून:

[युनिट]
रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एसआरव्ही/दफ्तर

डिस्क माउंट झाली नाही तर एसएमबीडी उठणारच नाही. लोक ओरडतील, पण कामं भलतीकडे जाणार नाहीत. एनएफएससाठी एक्सपोर्टवालीने ओळीत दिलेला ‘माउंटपॉइंट’ हेच करतो, त्या जागी खरोखर काही माउंट नसेल तर एक्सपोर्टच होत नाही. त्याच्या जोडीला, डिस्क काढलेली असताना रिकाम्या फोल्डरवर

सुडो सीएचअॅटर +आय /एसआरव्ही/दफ्तर

मारून ठेवा. रिकाम्या फोल्डरमध्ये मग रूटलाही फाइल बनवता येत नाही, आणि वर डिस्क माउंट झाली की तिच्यावर याचा काही परिणाम नाही. आत्ता डिस्कखाली दडलेल्या त्या जुन्या फायली असतीलच, हे करण्याआधी डिस्क उतरवून त्या बाहेर काढा. डिस्क वर चढलेली असताना त्या दिसत नाहीत, पण ‘डीएफ’मध्ये रूटची जागा खात राहतात.

एकच शेअर सांबा आणि एनएफएस दोन्हीकडून लिहिला जातोय म्हणून त्या शेअरमध्ये ‘कर्नल ऑपलॉक्स = यस’ टाका. लिनक्सवरही हे मुळात बंद असतं. बंद असताना विंडोज मशीन फाइलचा भाग आपल्याकडे धरून बसतं आणि मिंटने मध्येच त्याच फाइलवर लिहिलेलं त्याला कळत नाही. वेग थोडा कमी होईल. मिंटवाले दफ्तरातल्या फायली फक्त वाचत असतील, तर त्यापेक्षा एक्सपोर्ट्समध्ये आरडब्ल्यूच्या जागी आरओ (फक्त वाचन) करा.

---

दफ्तरदार

मिंटवरून एकाच ‘नकाशे’ फोल्डरमध्ये लिहिलं जातं, बाकी सगळं वाचायलाच. नकाशे वेगळं एक्सपोर्ट करून बाकी आरओ केलं तर माउंटपॉइंट दोन्हीकडे लिहायचा का?

---

एक्सपोर्टवाली

नकाशेसाठी ‘माउंटपॉइंट=/एसआरव्ही/दफ्तर’ असं वाटेसकट लिहा. नुसतं ‘माउंटपॉइंट’ लिहिलंत तर ते नकाशेवरच डिस्क शोधेल, ती तिथे नाही, आणि एक्सपोर्ट होणारच नाही. आणि दोन्ही एकाच डिस्कवर आहेत, तेव्हा आरओ-आरडब्ल्यूची ही भिंत चुकून होणाऱ्या लिहिण्यापुरतीच धरा. मुद्दाम हँडल (एनएफएस फाइल ओळखतो ती खूण) बनवून आत शिरणाऱ्याला नो_सबट्री_चेक अडवत नाही. तसा धोका असेल तर नकाशेला वेगळं पार्टिशन द्या.